काचेआडची गुराब : प्रतिकृतीला पुरावा विचारलाच पाहिजे

१/ आरमारी इतिहासाच्या कोणत्याही संग्रहालयात गेले, तरी गर्दी जहाजांच्या प्रतिकृतींभोवतीच आढळते. नकाशे फिके पडलेले असतात, पत्रांतली मोडी बहुतेकांना वाचता येत नाही, तोफा सगळ्या सारख्याच दिसतात. काचेच्या पेटीतले जहाज मात्र पाहताक्षणी कळते. ताणलेले दोर, बोटभर लांबीच्या तोफा, डोलकाठीवर भगवा. खाली पितळी पट्टी : ‘गुराब, मराठा आरमार, १८वे शतक’. एवढेच. या धाग्याचा विषय ती पट्टी आहे.

२/ धाग्याचे म्हणणे आरंभीच सांगितलेले बरे. मराठ्यांची गुराब नेमकी कशी दिसत होती, हे आज कोणालाही संपूर्णपणे ठाऊक नाही. जे ठाऊक आहे ते थोडे, पण मोलाचे आहे. हे थोडे कोणते आणि त्यावर रचलेली कल्पना कोणती, हे न सांगणारी पट्टी प्रेक्षकाची फसवणूक करते. ज्या आरमाराच्या गौरवासाठी ती प्रतिकृती मांडलेली असते, त्या आरमारावरही तिने अन्यायच होतो.

३/ ग्रंथ लिहिणाऱ्याला जे माहीत नाही ते गाळता येते. ‘गुराबेला दोन डोलकाठ्या असत’ एवढे लिहून तो थांबू शकतो. प्रतिकृती घडवणाऱ्याला ही मुभा नाही. डोलकाठी किती उंच, किती कललेली, तिला किती दोर, ते कुठे बांधलेले, पिछाडी गोल की चपटी, फळ्यांना रंग की नुसते तेल, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याला लाकडात द्यावेच लागते. पुराव्यात असलेल्या रिकाम्या जागा प्रतिकृतीत रिकाम्या राहत नाहीत. त्या कुणीतरी भरलेल्या असतात.

४/ म्हणून प्रतिकृतींची प्रतवारी समजून घेणे आवश्यक ठरते. पुराव्याच्या दृष्टीने त्यांचे ढोबळ तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गामागे मूळ आराखडा किंवा खुद्द जहाज असते. दुसऱ्यामागे समुद्रातून वर काढलेला सांगाडा असतो. तिसऱ्यामागे केवळ शब्द आणि काही चित्रे असतात. दालनात मात्र तिन्ही वर्ग एकाच उंचीच्या चौथऱ्यावर, एकाच दिव्याखाली आणि एकाच प्रकारच्या पट्टीसह उभे असतात.

५/ पहिल्या वर्गाचे उदाहरण मुंबईचेच आहे. ‘ट्रिंकोमली’ हे ब्रिटिश आरमाराचे फ्रिगेट जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधले गेले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरले. त्याचा आराखडा इंग्लंडहून यायचा होता. तो ज्या ‘जावा’ जहाजावर होता, ते २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने लढाईत निकामी केले आणि मग नष्ट केले. आराखडा बुडाला, दुसरी प्रत मागवावी लागली.

६/ या घटनेत एक गोष्ट स्पष्ट दिसते. इंग्रजी आरमारासाठी जहाज आधी कागदावर जन्म घेत असे. तो कागद पोहोचेपर्यंत वाडियांसारखे निष्णात कारागीरही थांबून राहिले. आज ‘ट्रिंकोमली’ इंग्लंडमधल्या हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. तिची प्रतिकृती चुकली, तर चूक मोजपट्टी लावून दाखवता येते. इथे पट्टीवर नाव आणि साल एवढेच लिहिले तरी चालते, कारण खातरजमा करण्याचा मार्ग खुला आहे.

७/ दुसऱ्या वर्गाचे उदाहरण स्वीडनचे आहे. ‘वासा’ ही युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच प्रवासात स्टॉकहोमच्या बंदरात बुडाली आणि २४ एप्रिल १९६१ रोजी वर काढण्यात आली. जहाज जवळपास अखंड हाती आले. तरीही एक प्रश्न उरला : तिचा रंग कोणता? आरंभी समजूत अशी होती की, कोरीव कामाची पार्श्वभूमी निळी असावी. पुढे लाकडाच्या खाचांत उरलेल्या रंगकणांचा सूक्ष्म अभ्यास झाला आणि ती लाल असल्याचे निष्पन्न झाले.

८/ म्हणजे खरे जहाज डोळ्यांसमोर असतानाही अभ्यासकांची समजूत चुकली होती. ती पुराव्याने दुरुस्त झाली आणि आज संग्रहालयातली १:१० प्रमाणातली मोठी प्रतिकृती लाल रंगात उभी आहे. ‘आमचे आधी चुकले होते’ असे सांगितल्याने त्या संग्रहालयाची प्रतिष्ठा उणावली नाही. उत्तर युरोपातल्या सर्वाधिक गर्दीच्या संग्रहालयांत त्याची गणना होते.

९/ आता तिसरा वर्ग. मराठ्यांच्या गुराबेचा आराखडा उपलब्ध नाही. ओळख पटलेला तिचा सांगाडाही आजवर समुद्रातून वर आलेला नाही. याचे एक कारण कारागिरीच्या पद्धतीत आहे. पश्चिम किनाऱ्यावरचे सुतार जहाज कागदावर काढत नसत. नजरेचा अंदाज, हाताची मापे आणि बापाकडून मुलाकडे आलेली प्रमाणे यांवर ते काम करीत. तेव्हा आराखडे गहाळ झाले असे म्हणण्यापेक्षा, ते काढण्याची गरजच त्या कारागिरांना पडली नाही, असे म्हणणे योग्य ठरेल.

१०/ दुसरे कारण आग. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाला एकत्र बांधून ठेवलेले होते. ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर गोळा पडून ते पेटले आणि आग एका जहाजावरून दुसऱ्यावर जात सारे आरमार जळाले. या मोहिमेत इंग्रजांचा करार नानासाहेब पेशव्यांशी होता, हेही दालनातल्या पट्टीवर क्वचितच वाचायला मिळते. ज्या जहाजांवरून सगळे कळले असते, त्यांतली कितीतरी एकाच दिवसात राख झाली.

११/ मग उरले काय? सभासदाची बखर गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे अशी नावे देते. मापे देत नाही. पोर्तुगीज आणि इंग्रज पत्रव्यवहारात जहाजांच्या संख्या येतात. आकृती येत नाही. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीच्या काठी आंग्रेकालीन गोदी आहे. तिची लांबी शंभर मीटरांहून थोडी अधिक भरते. ती गोदीच्या कामाचा आवाका सांगते; तिच्यात उभ्या राहणाऱ्या जहाजाचा बांधा सांगत नाही.

१२/ चित्रांचे काय? विजयदुर्गाच्या लढाईचे डॉमिनिक सेरेस याने काढलेले प्रसिद्ध तैलचित्र आज ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे. त्यावर साल आहे १७७१. म्हणजे लढाईनंतर पंधरा वर्षांनी, लंडनमध्ये, विजेत्यांच्या आरमाराचा गौरव करण्यासाठी ते रंगवले गेले. इंग्रज जहाजांबाबत तो चित्रकार जाणकार होता. आंग्र्यांच्या जहाजांबाबत मात्र त्याच्या कुंचल्याला साक्षीदार मानणे धोक्याचे आहे.

१३/ सर्वांत तपशीलवार वर्णन शत्रूच्या गोटातून येते. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने १७६३ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात गुराब आणि गलबत यांची माहिती दिली आहे. त्याचा सारांश असा : गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंदी बरीच अधिक आणि मध्यापासून पुढे निमुळता होत जाणारा बांधा.

१४/ ऑर्म म्हणतो की, गुराबेची नाळ, म्हणजे पुढचे टोक, भूमध्य समुद्रातल्या गॅली जहाजासारखी लांब पुढे आलेली असे. समोरून लाट आली की जहाज जोराने डुले आणि पाणी नाळेवर चढे. म्हणून नाळेच्या कडांना भिंती नसत आणि पाणी आपोआप वाहून जाई. नाळेच्या मागे एक आडवी भिंत. तिच्यातल्या भोकांतून नऊ ते बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा थेट पुढे रोखलेल्या. दोन्ही बाजूंच्या तोफा त्याहून लहान.

१५/ गलबत म्हणजे वल्ह्यांची मोठी नौका, गुराबेच्याच घडणीची पण लहान. मोठ्यात मोठे ७० टनांच्या आसपास. मुख्य डोलकाठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड. वजन कमी राहावे म्हणून अनेकांची डेक चिरलेल्या बांबूंची. अशा गलबतांवर जंबुरे तेवढे बसवता येत. मोठ्या गलबतांना पक्की डेक आणि सहा ते आठ लहान तोफा. चाळीस-पन्नास वल्ही आणि ताशी चार मैलांचा वेग.

१६/ हे वर्णन अमोल आहे. पण त्यात काय नाही, हेही पाहिले पाहिजे. पिछाडीची घडण नाही. पाण्याखालच्या तळाचा आकार नाही. फळ्या कशा जोडल्या, फासळ्या किती अंतरावर बसवल्या, दोरखंडांची मांडणी कशी होती, रंग कोणता होता, हे नाही. जो प्रतिकृतिकार केवळ ऑर्मवर विसंबेल, त्याला जहाजाचा बराच मोठा भाग स्वतः ठरवावा लागेल. यात त्याचा दोष काहीच नाही. दोष सुरू होतो तो हे न सांगण्यापासून.

१७/ रिकाम्या जागा कशाने भरल्या जातात, हा पुढचा प्रश्न. जगभरच्या प्रतिकृतिकलेचे साहित्य प्रामुख्याने युरोपीय जहाजांवर आधारलेले आहे. आराखड्यांची पुस्तके त्यांची, तयार मिळणाऱ्या कप्प्या आणि तोफा त्यांच्या, प्रशिक्षित डोळाही त्यांच्याच आकारांना सरावलेला. त्यामुळे पुरावा संपतो तिथे युरोप सुरू होतो. उंच नक्षीदार पिछाडी येते, तोफांच्या खिडक्यांच्या रांगा येतात, चौकोनी शिडांचे मजले चढतात. वर भगवा लावला की ते जहाज ‘मराठा’ होते. समाजमाध्यमांवर फिरणारी असंख्य चित्रे याच साच्यातली आहेत.

१८/ या ठिकाणी एक मराठी साक्षीदार बोलवावा लागतो. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे सिद्ध झालेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातला आदेश निःसंदिग्ध आहे : गुराबा फार मोठ्याही नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात. गलबतेही तशीच. वाऱ्यावाचून जी हलू शकत नाहीत, अशी थोर जहाजे बांधण्याचे प्रयोजन नाही. आणि नको असलेल्या त्या थोर जहाजांत ‘फरगात’ हे नाव आहे. फरगात म्हणजे फ्रिगेट.

१९/ आरमाराचे धोरण ठरवणाऱ्यांनी जे जहाज बांधू नये म्हणून लिहून ठेवले, नेमके तेच जहाज तीनशे वर्षांनंतर त्यांच्या नावाने काचेत मांडले जाते. इतिहासाच्या नावाखाली घडणारा याहून मोठा विपर्यास शोधून सापडणार नाही.

२०/ अमात्यांचा सल्ला अडाणीपणाचा किंवा गरिबीचा नव्हता. कोकणचा किनारा खाड्यांचा आहे. खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात, आत पाणी उथळ असते. पावसाळा सरला की रात्री-पहाटे जमिनीवरून मतलई वारा, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा आणि दोहोंच्या मध्ये पडलेला वारा. केवळ शिडांवर चालणारे मोठे जहाज त्या निवांत वेळेत जागच्या जागी अडकून पडते. वल्ह्यांचे गलबत तेव्हाच मोकळे असते.

२१/ आंग्र्यांची लढण्याची रीत याच गणितावर उभी होती. वारा पडला की गलबते गुराबांना दोर लावून ओढत नेत आणि शत्रूच्या पिछाडीला आणून सोडत. मोठ्या जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असतात. मागे त्या मोजक्या असतात. गुराबेच्या नाळेवरच्या दोन तोफा तिथून शिडे आणि डोलकाठ्या तोडीत. जहाज पांगळे झाले की गलबतांतली माणसे तलवारी घेऊन चढत. पुढे रोखलेल्या तोफा, उघडी नाळ, रुंद बांधा आणि वल्ही या साऱ्यांचा उलगडा या रीतीतून होतो.

२२/ आता काचेतल्या देखण्या फ्रिगेटकडे पुन्हा पाहावे. तिला वल्ही नाहीत. तिच्या तोफा कुशींना आहेत. उंच पिछाडीमुळे ती खाडीत वाऱ्याला अडेल. हे जहाज आंग्र्यांच्या रीतीने लढूच शकत नाही. शिवाय ते प्रेक्षकाला न बोलता सांगते की, आरमार मोठे म्हणजे इंग्रजांसारखे. मराठ्यांनी स्वतःच्या किनाऱ्यासाठी शोधलेले उत्तर पुसून, त्यांना परक्याच्या परीक्षेत काठावर उत्तीर्ण करणारा हा गौरव आहे.

२३/ शब्दही फसवतात, याचे एक उदाहरण. फेब्रुवारी १६६५ मधल्या बसरूरच्या मोहिमेसंबंधी इंग्रज पत्रव्यवहारात शिवाजी महाराजांच्या ८५ ‘फ्रिगेटां’चा आणि तीन मोठ्या जहाजांचा उल्लेख येतो. तो वाचून कोणी ८५ ‘ट्रिंकोमली’ डोळ्यांपुढे आणील, तर घोटाळा होईल. सतराव्या शतकात या किनाऱ्यावर युरोपीय लोक शिडा-वल्ह्यांच्या लहान नौकांनाही हाच शब्द वापरीत. म्हणूनच तीन ‘मोठी’ जहाजे वेगळी मोजलेली आहेत. अमात्यांची फरगात मात्र थोर जहाजांच्या रांगेत बसते. एकच शब्द काळानुसार आणि लिहिणाऱ्यानुसार आकार बदलतो.

२४/ आक्षेपांना उत्तर देणे प्राप्त आहे. पहिला आक्षेप : आंग्र्यांकडे युरोपीय बांधणीची जहाजेही होती. हे खरे आहे. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांच्या आरमाराने कंपनीचे ‘डर्बी’ जिंकले. विजयदुर्गाच्या आगीचे निमित्त झालेले ‘रिस्टोरेशन’ही मुळात कंपनीचेच, जिंकून आणलेले. मग तसे जहाज अवश्य मांडावे आणि पट्टीवर ‘जिंकलेले इंग्रजी जहाज’ असे लिहावे. ती मोठी अभिमानाची पट्टी होईल. पण त्याला ‘गुराब’ म्हणू नये.

२५/ दुसरा आक्षेप : सामान्य प्रेक्षकाला पुराव्याचा काथ्याकूट नको असतो. हा आक्षेप प्रेक्षकाचा अपमान करणारा आहे. पुराणवस्तूंच्या दालनात फुटके मडके जोडताना हरवलेला भाग साध्या, वेगळ्या रंगाच्या भरावाने भरतात. जुने किती आणि नवे किती, हे शाळकरी मुलालाही एका नजरेत कळते. त्याचा कुणाला त्रास झालेला नाही. मडक्याच्या बाबतीत पाळला जाणारा प्रामाणिकपणा जहाजाच्या बाबतीत जड का व्हावा?

२६/ तिसरा आक्षेप सर्वांत जोराने मांडला जातो : ‘ठाऊक नाही’ असे लिहिल्याने अभिमानाला धक्का बसेल. याला उत्तर भारतीय नौदलानेच दिले आहे. अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या एका चित्रावरून शिवलेल्या फळ्यांचे जहाज बांधायचे ठरले, तेव्हा मूळ आराखडा नाही, केवळ भिंतीवरचे चित्र आहे, हे उघडपणे सांगितले गेले. गोव्यात केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखाली कारागिरांनी काथ्याच्या दोराने फळ्या शिवल्या.

२७/ चित्रातून न कळणाऱ्या गोष्टींसाठी मद्रासच्या आयआयटीत प्रतिकृतीवर पाण्यातल्या चाचण्या घेण्यात आल्या. हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारला ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. काय ठाऊक नाही याची यादी तयार होती, म्हणूनच काय तपासायचे ते ठरवता आले. इथे प्रतिकृती शोभेची वस्तू राहिली नाही, ती प्रश्न विचारण्याचे साधन झाली. अज्ञान कबूल केल्याने कुणाची मान खाली गेली नाही.

२८/ चौथा आक्षेप : यामुळे प्रतिकृतिकारांच्या मेहनतीवर पाणी पडेल. वस्तुस्थिती उलट आहे. आज कित्येक दालनांत घडवणाऱ्याचे नावसुद्धा पट्टीवर नसते. महिनोन्‌महिने बसून त्याने घेतलेले शेकडो निर्णय अदृश्य राहतात. पुरावा आणि अनुमान वेगळे लिहिले, तर त्याची विचारशक्ती प्रथमच लोकांसमोर येईल. जुन्या गोद्यांतल्या सुतारांची नावे बहुतेक हरवलीच. निदान आजच्या कारागिराचे तरी हरवू नये.

२९/ मग पट्टी कशी असावी? कठीण काही नाही. उदाहरणादाखल :
‘गुराब. प्रमाण १:४८. नाळ, डोलकाठ्यांची संख्या व पुढच्या तोफांची जागा ऑर्मच्या १७६३ च्या वर्णनानुसार. लांबी-रुंदी टनांच्या आकड्यावरून काढलेला अंदाज. पिछाडी, दोरखंड व रंग यांस थेट पुरावा नाही, प्रतिकृतिकाराचा निर्णय. मूळ जहाज वा आराखडा उपलब्ध नाही.’
पाच वाक्ये. तळहाताएवढ्या जागेत मावतात.

३०/ आणखी एक पाऊल टाकता येईल. ऑर्मचे तेच वर्णन दोन कारागिरांना स्वतंत्रपणे द्यावे आणि तयार होणाऱ्या दोन गुराबा शेजारी-शेजारी मांडाव्यात. त्या सारख्या निघणार नाहीत. जिथे त्या जुळतील तिथे पुरावा बोलतो; जिथे वेगळ्या होतील तिथे कल्पना बोलते. इतिहास कसा रचला जातो, याचा याहून सोपा धडा दुसरा नसेल. सोबत अमात्यांचा मध्यम जहाजांविषयीचा आदेश भिंतीवर लावावा, म्हणजे आकाराचा अर्थही कळेल.

३१/ तोपर्यंत दालनात जाणाऱ्या तरुण अभ्यासकाने पेटीसमोर उभे राहून काही प्रश्न विचारावेत. या आकारामागे कागद आहे, सांगाडा आहे की वर्णन? ते वर्णन कुणाचे, कोणत्या सालचे, कोणत्या बाजूचे? वल्ही कुठे आहेत? तोफा पुढे आहेत की कुशीला? हे जहाज ओहोटीला खाडीत शिरेल का? उत्तर पट्टीवर नसेल, तर ते अभिप्रायाच्या वहीत नम्रपणे मागावे. एका वहीत असे पन्नास प्रश्न साचले, तर पट्टी बदलणे व्यवस्थापकांनाही सोपे जाईल.

३२/ विजयदुर्गाच्या बंदरात जळालेली जहाजे परत येणार नाहीत. त्यांच्याविषयी उरले आहेत ते मोजके शब्द : काही आपल्या माणसांचे, बरेचसे शत्रूचे. त्या शब्दांत रुंद बांध्याची, उघड्या नाळेची, गलबतांनी ओढून नेलेली एक गुराब अजून दिसते. ती इंग्रजी फ्रिगेटइतकी डौलदार नसेल. पण कोकणच्या पाण्यासाठी, कोकणातल्या हातांनी ती घडली होती. काचेच्या पेटीत जागा मिळावी ती तिला, तिच्याविषयीच्या सगळ्या अपुऱ्या माहितीसह.

(धागा समाप्त)